पश्चिमेस पणजोबा

माझे पणजोबा ही एक दिशा आहे. गावाकडच्या शेजारघराचं १९०९ सालचं एक खरेदीखत आहे, त्यात घराच्या चतुःसीमा दिल्या आहेत: पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस मारुतीच्या देवळाकडे जाणारा बोळ, उत्तरेस विकणाराचे स्वतःचे परडे आणि पश्चिमेस माझे पणजोबा. नावापुढे ‘यांचे राहते घर’ असं आहे म्हणा, पण दिशा तीच. बरेच दिवस त्या माणसाचा एवढाच लेखी पुरावा माझ्याजवळ होता. उंच होते की ठेंगणे, चिडके होते की शांत, विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही. सूर्य मावळतो त्या बाजूला राहत होते, एवढं मात्र रजिस्टर झालेलं आहे.

हा कागद माझ्या हाती आला तो नात्याने नव्हे, धंद्याने. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. तारणाच्या मिळकतीचा तीस वर्षांचा सर्च, मागची खतं, वारसनोंदी, बोजे हे चाळून लोकांच्या आज्या-पणज्यांची वंशावळ मला तोंडपाठ व्हायची. स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं असतं तर मात्र मी वर बघितलं असतं. निवृत्त झाल्यावरही गावाकडची माणसं पिशवीत कागद कोंबून येतात, ‘ताई, एकदा नजर टाका’ म्हणतात. शेजारघराचा नातू असाच आला आणि जाताना मला ही दिशा देऊन गेला.

तेव्हापासून नाद लागला. नवऱ्याला आधी बरं वाटलं, कारण तो समजला मी त्याच्या घराण्याचा इतिहास काढायला बसले. त्यांच्याकडे आयता छापील कुलवृत्तांत आहे. पुठ्ठा बांधणीचा, जाडजूड, शाखांना अंक आणि पिढ्यांना उपअंक दिलेला. कोण दत्तक गेला, कोण परागंदा झाला, कोण बडोद्यास नोकरीस होता, सगळं तिथे. त्यात मीही आहे, नवऱ्याच्या ओळीत कंसात, ‘माहेरचे आडनाव’ या सदरात. कुलवृत्तांत वाचताना एक गोष्ट लक्षात येते, की त्या घराण्यात तीनशे वर्षांत मूर्ख माणूस जन्मालाच आलेला नाही. माहिती मुलांनी भरून पाठवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? मला माझ्या माहेरचं हवं होतं, आणि माहेरचं कुणी छापलेलं नव्हतं. एका अर्थी बरंच, सगळा माल कच्चा मिळाला.

छापलेलं नसलं तरी सांगीव इतिहास भरपूर. आमचा मूळपुरुष दुर्गादेवीच्या दुष्काळात देशोधडीला लागून कृष्णाकाठी आला, त्याचा वंशज पानिपतात कामी आला, असं माझे चुलते जेवताना सांगत. कराड ते वाई पट्ट्यात ज्याचा पूर्वज पानिपतात पडला नाही असं घर मला अजून भेटायचंय. एवढी माणसं खरोखर गेली असती तर अब्दालीला दाणापाणी विकूनच मारता आलं असतं. या इतिहासाला पुरावा म्हणून माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत मोडी कागद. ‘सनद आहे’ म्हणायचे चुलते. मी पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे गेले. अलीकडे त्यांना मरायला फुरसत नसते. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून कोतवाल बुकं, जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या यांना अचानक भाव आला, आणि ज्या लिपीला मुलं पाय मोडलेल्या मुंग्या म्हणत, ती वाचणाऱ्याच्या दारात रांगा लागल्या. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, त्यामुळे वाचणारा ओळीवरून बोट फिरवत आधी गुणगुणतो, मग थांबतो, मग पुन्हा पहिल्यापासून गुणगुणतो. गृहस्थांनी तसं दोनदा केलं आणि चष्मा काढून म्हणाले, “सनद नाही. तुमच्या पूर्वजाने जोंधळा उचललाय. दीडीने.”

दीडीने म्हणजे पेरणीला मण घ्यायचा आणि सुगीला दीड मण घालायचा. माझ्या हाती आलेला माझ्या घराण्याचा सगळ्यात जुना शब्द हा कर्जाचा आहे, आणि मी जन्मभर कर्ज खात्यात बसले! व्याजदर ऐकून माझ्यातली अधिकारी जागी झाली. तेवढ्यात माझ्यातली पणती म्हणाली, फेडलं असेल का गं?

यावरून मला एकदम १८७५ चा दंगा आठवला. त्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. माणसं मारली नाहीत, दस्तऐवज मात्र शोधून शोधून जाळले. मग लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचलं आणि पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. शाळेत हे शिकताना मी मनातून त्यांना टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं, जाळलंत ते योग्यच केलंत, पण निदान नावांची एक यादी करून ठेवायची.

कागदाचा स्वभाव मला हळूहळू कळत गेला. कागद माणसाची आठवण ठेवतो ती तो देणं लागला, भांडला किंवा मेला म्हणून. वेळेवर सारा भरणारा, कुणाचा बांध न कोरणारा, भावाशी गोडीने राहिलेला पूर्वज दफ्तरात सापडत नाही. आमच्या गावात एक घर असं सालस आहे, की त्यांच्या तीन पिढ्यांचा मागमूस लागत नाही. आमचं घर तसं नव्हतं, ही माझ्या संशोधनाची केवढी सोय!

शेतीचं दफ्तर बघा. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि मागोमाग मोजणी आली. तेहतीस फुटी साखळी घेऊन माणसं रानोमाळ फिरली. साखळीचा एक चौरस तो एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला, कोपऱ्याला हद्दीचा दगड बसला, आणि त्याच रात्री आमच्या कुणातरी पूर्वजाने तो दगड हातभर सरकवला असणार. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि फेरफार नावाचा अनमोल ग्रंथ लिहिला जाऊ लागला. त्यात कोण मेला, कोण वेगळा निघाला, कुणी गहाण टाकलं, कुणी हरकत घेतली हे ओळीने येतं. आमच्या घराच्या नावावर हरकतीच हरकती. एका बांधावरून दोन भावांनी जो कागद खर्ची घातला, त्याची किंमत त्या बांधाच्या मातीहून जास्त झाली असेल. पण म्हणून तर मला दोघांची वयं, धंदे, साक्षीदार आणि तिसऱ्या भावाचं अस्तित्व कळलं. हा तिसरा मुंबईस गिरणीत होता आणि ‘मला काही म्हणावयाचे नाही’ एवढं एकच वाक्य बोलून इतिहासातून निघून गेला. शहाणा माणूस.

याच फेरफारांत पश्चिमेच्या पणजोबांचा शेवट सापडला. १९१८ च्या दिवाळीआधी मानमोडीची साथ आली, तिच्यात ते गेले. कोतवालाच्या वहीत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’ आहे. खाली वर ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. पुढच्या पानावर कोतवालाचं अक्षर बदललं आहे. मी ते पान उलटायला जरा वेळ घेतला.

पणजोबा गेले तेव्हा माझे आजोबा सहा वर्षांचे. म्हणून जमिनीला त्यांचं नाव लागलं ते ‘अज्ञान’ म्हणून, आणि पुढे ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. आजोबा सज्ञान झाले की हा शेरा कमी करायला अर्ज करायचा असतो. तो कुणी केला नाही. उतारा नव्याने लिहिला जाई तेव्हा लिहिणारा मागचं पुढे उतरवून घेई. आजोबांचं लग्न झालं, चार मुलं झाली, ते सोसायटीचे पंच झाले, छप्पन्नाव्या वर्षी वारले, आणि सरकारदरबारी शेवटपर्यंत अज्ञानच राहिले. आजीला मी हे सांगू शकले नाही, पण तिला ऐकून आश्चर्य वाटलं नसतं.

पणजी मात्र ‘आई’ या दोन अक्षरांपलीकडे कुठे सापडेना. तिचं नाव मिळालं नाशिकला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या. आडनाव आणि गाव सांगितलं की गुरुजी आत जातात आणि नेमकी वही घेऊन येतात. ही अनुक्रमणिका बहुतेक त्यांच्या डोक्यातच असते. सिंहस्थाला आमची पणजी अज्ञान मुलाला घेऊन गोदावरीवर आली होती. नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिरांचं नाव, मग तिचं स्वतःचं, आणि पुढे माहेरचं गाव. आमच्या घराच्या कागदांत एखाद्या बाईचं माहेर नोंदलेलं मी ते पहिल्यांदा पाहिलं. सासऱ्यांना मोक्ष द्यायला ती गेली असेल, पण स्वतःचा पत्ता ठेवून आली.

लोक मला विचारतात, एवढी यातायात कशाला, जनगणनेत नसतं का सगळं? अमेरिकेत असलेला माझा भाचा तर हसलाच. तिकडे बहात्तर वर्षं झाली की जनगणनेच्या मूळ याद्या खुल्या करतात. १९५० ची यादी २०२२ साली खुली झाली, आणि तो राहतो त्या घरात तेव्हा कोण राहत होतं, काय काम करत होतं, हे त्याने चहा पिता पिता काढलं. भाड्याच्या घराचे पूर्वज त्याला मिळाले, स्वतःचे मी शोधतेय. इंग्रजांचंही सगळं सुरळीत नाही बरं का. त्यांच्याकडच्या १९३१ च्या याद्या आगीत जळाल्या. आमच्याकडे आगीची गरज पडली नाही. पहिली देशभराची शिरगणती १८७२ ची, एका ठरलेल्या रात्री सगळीकडे एकदम झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ ला. पण नावांच्या याद्यांतून आकडे काढले की याद्यांचं काम संपलं. १९४८ च्या कायद्याने तर त्या कुणाला दाखवायच्याच नाहीत असं ठरलं. पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे जनगणनेत पूर्वज शोधायचा तो बेरजेत.

मी बेरजेत शोधला. मोजणीदार ओसरीवर बसलाय, घरच्या बाईला नवऱ्याचं नाव विचारतोय, ती दाराआडून हसतेय, शेवटी शेजारच्या पोराने नाव सांगितलंय, हे मी डोळ्यांपुढे आणू शकते. वय विचारल्यावर ‘दुष्काळाच्या साली रांगत होतो’ असं उत्तर आलं असणार. मग मोजणीदाराने पस्तीस किंवा चाळीस लिहिलं असणार, कारण जुन्या अहवालांत शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची माणसं इतकी आहेत की उरलेल्या वर्षांत या देशात कुणी जन्मतच नव्हतं असं वाटावं. नावं गेली, आकडे राहिले. आणि आकड्यांत एक गोष्ट राहिली. विसाव्या शतकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली असं एकच दशक आहे, १९११ ते १९२१. त्या घटीतले एक माझे पणजोबा. जनगणनेत मला ते सापडले ते वजाबाकीत.

घराविषयी फार लिहिण्यासारखं नाही, कारण आता फार उरलेलंच नाही. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा सोप्याच्या मधोमध भिंत घातली, ती एका खांबाच्या नेमक्या मध्यावर आली. खांब तोडता येईना, म्हणून भिंत खांबाला दोन्ही बाजूंनी येऊन भिडली, आणि अर्धा खांब इकडे, अर्धा तिकडे राहिला. आमच्या अर्ध्याला तेल मिळे, पलीकडच्या अर्ध्याला वाळवी लागली, आणि शेवटी दोन्हीकडचं छप्पर एकाच पावसाळ्यात बसलं. दाराची चौकट तेवढी चुलतभावाने गोठ्याला लावली आहे. तिच्यावर गेरूने लिहिलेले जनगणनेचे घरक्रमांक एकावर एक चढलेले आहेत, आणि बाजूला डीडीटी फवारून गेलेल्या माणसाने टाकलेली तारीख. सनदेऐवजी मी ही चौकटच दाखवते हल्ली पाहुण्यांना. म्हशीला वाट द्यावी लागते, एवढंच.

शेतं मात्र बोलतात. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर, पण चुलतभाऊ गड्याला ‘गट नंबर अमुकमध्ये पाणी सोड’ असं कधी म्हणत नाही. थोरलं, मळई, पिंपरणीचं, कोर्टाचं. कोर्टाचं म्हणजे काय ते वर आलंच आहे. आणि ओढ्याकडेला एक अरुंद तुकडा आहे, त्याचं नाव चोळीबांगडीची पट्टी. कुणा लेकीच्या किंवा विधवा सुनेच्या चोळीबांगडीला तिचं उत्पन्न तोडून दिलेलं. कुणाच्या, ते फेरफारात नाही, नामावळीत नाही, हेळव्याच्या वहीतही नाही. हेळवी सुगीला बैल घेऊन बेळगावकडून येतो, आमच्या बारा पिढ्या एका दमात म्हणतो, आणि मी पट्टीचं विचारल्यावर बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘ते आमच्यात नसतंय, ताई.’ ज्या बाईसाठी कुणी भांडलं नाही आणि जी स्वतः भांडली नाही, तिची कागदाने दखल घेतली नाही. गडी रोज तिचं नाव न घेता तिच्या नावाच्या रानात पाणी पाजतो.

बायका फेरफारात रीतसर येतात त्या १९५६ नंतर. हिंदू वारसा कायदा आला आणि बापाच्या मागे मुलींची नावं लिहावी लागली. आजोबा १९६८ साली गेले, त्यांच्या वारसनोंदीत माझ्या दोन्ही आत्या आहेत, नावानिशी, सासरच्या गावासकट. मला काय आनंद झाला! तो एका ओळीपुरता टिकला. खालच्याच फेरफाराने दोघींनी ‘राजीखुशीने’ हक्क सोडला आहे. राजीखुशीला तेव्हा साडीचोळी आणि पुरणपोळीचं जेवण लागत असे. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना जन्मानेच वाटा दिला. हक्कसोडीच्या साड्या तेवढ्या भारी झाल्या.

धाकटी आत्या आहे अजून. सत्त्याऐंशी वर्षांची, कराडला लेकाकडे. डोळे अधू, कान तिखट. जुने फेरफार आता स्कॅन झालेत, मोबाइलवर दिसतात, म्हणून मी तिच्या पलंगाशी बसून तिला तिची नोंद वाचून दाखवली. तिने आपलं नाव दोनदा वाचायला लावलं. मग मी फेरफाराबरोबरचा जबाब वाचला, शेवटी ‘निशाणी डावा अंगठा’.

“कुणाचा अंगठा?”

“तुझा.”

“मला चौथीपर्यंत शाळा झाली होती,” आत्या उठून बसली. “सही येत होती मला. मोडीतसुद्धा. अंगठा कुणी घेतला?”

मी म्हटलं, तलाठ्याने विचारलं नसेल. शाईचा पॅड पुढे केला असेल. चुलतभाऊ तिथेच होता, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

“किती होतं माझं?”

मी हिशेब आधीच करून ठेवला होता, सवयीने. अकरा गुंठे. रस्त्याकडेचे. आत्याने हायवेलगतचा सध्याचा भाव लेकाला विचारला, तोंडाने अकराचा पाढा म्हटला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळली.

“तुझा बाप गेल्यावर तूही सोडलास ना?”

“सोडला.”

“अंगठा?”

“नाही, सही केली. इंग्रजीत.”

“शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा,” आत्या म्हणाली, आणि चुलतभावाला तिने विचारलं, मळईतल्या आंब्याला यंदा मोहर कसा काय आहे, आणि उतरवल्यावर पेट्या किती पाठवणार, आणि कुणाकुणाला, ते आत्ता इथे, या कागदावर लिहून दे.